मुंबई ते मेलबर्न, बारा तास

वाळूजच्या एका कंपनीत मी बावीस वर्षं स्टोअर सांभाळतो. हजारो वस्तू, प्रत्येकीचा रॅक ठरलेला, खण ठरलेला. घरीही मी तसाच आहे. गावाला जायचं तरी यादी, लग्नाला जायचं तरी यादी. बायको म्हणते, "तुम्ही वर गेलात तरी दारातच उभे राहाल. आधी सामान मोजून घ्या म्हणाल." तेव्हा आई मेलबर्नला निघाली आणि तिची यादी चार पानांची झाली, यात घरात कुणाला नवल वाटलं नाही.

धाकटी बहीण लग्न होऊन तिकडं गेलेली. तिला आठवा लागला होता आणि रक्तदाब वाढत होता. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. नवरा दिवसभर कामावर. फोनवर ती आईशी बोलताना रडायची नाही, पण फोन लवकर ठेवायची. तसं तीन-चारदा झालं आणि आईनं एका संध्याकाळी ज्वारी निवडता निवडता सांगून टाकलं, "माझं तिकीट काढ."

आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. नाशिकच्या पुढं कधी गेलेली नव्हती. आणि तिला दमा होता.

दमा म्हणजे काय हे मी एकदा जवळून पाहिलं होतं. करमाडला, आईच्या माहेरी, एका लग्नात धुराळा उडाला आणि तिचा श्वास अडकला. पंप घरी राहिला होता. तिला जीपमध्ये घालून शहरात आणेपर्यंत तिचे ओठ जांभळट झाले होते. ती माझ्या मनगटाला धरून बसली होती. बोलता येत नव्हतं, नुसती बघत होती. दवाखान्यात पोचायला पाऊण तास लागला. तेव्हापासून तो निळा पंप आमच्या घरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू झाला.

मी माळ्यावरून मुलीच्या शाळेतला पृथ्वीगोल काढला. मुलगी पुण्याला शिकत होती, गोल धूळ खात पडला होता. मुंबईवर दोऱ्याचं टोक धरलं, मेलबर्नवर दुसरं टेकवलं आणि दोरा ताणला.

"किती लांब हाय?" आईनं विचारलं.

"मुंबईपासून जवळजवळ दहा हजार किलोमीटर. विमान मध्ये कुठं थांबत नाही. बारा तास."

"म्हंजी करमाडला किती खेपा?"

आमच्या बजाजनगरहून करमाड चाळीस किलोमीटरच्या आत-बाहेर. मी मनात भागाकार केला. "अडीचशे."

"मग काय! तेवढ्या तर मी मारल्या असतीलच की आतापातुर." ती पुन्हा सुपाकडं वळली.

मी तो दोरा तसाच धरून बसलो होतो. श्रीलंकेचं टोक सोडलं की दोरा पाण्यावर जात होता आणि ऑस्ट्रेलियाचा किनारा लागेपर्यंत पाण्यावरच राहत होता. दोऱ्याची लांबी मोजली. निम्मी वाट. सहा तास खाली निळ्या रंगाशिवाय काही नाही. हे मी आईला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. गोल पुन्हा माळ्यावर टाकला.

आमच्या डॉक्टरांनी दोन पंप बरोबर ठेवायला सांगितले. मी दोन आणले. स्टोअरमध्ये आमचा एक नियम आहे: ज्या सुट्या भागावाचून अख्खं मशीन बंद पडतं, त्याचे दोन नग ठेवायचे आणि दोन्ही कधीही एका रॅकवर ठेवायचे नाहीत. आग लागली, पाणी शिरलं, तरी एक वाचतो. मी यादीत तसंच लिहिलं. पंप एक, हातातल्या पिशवीत. पंप दोन, मोठ्या बॅगेत. मोठी बॅग शहागंजच्या बाजारातून आणलेली, चाकांची, लाल. नियम चांगला आहे. अजूनही मी तो पाळतो. फक्त विमानाला पोट असतं आणि मोठी बॅग त्या पोटात जाते, तिथं बारा तास कुणाचा हात पोचत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

आता प्रस्थानाचं. निघायचा दिवस शुक्रवार आला आणि शुक्रवारी अमावस्या. आई म्हणाली, अमुशाला उंबरा वलांडायचा नाय. तिकीट बदलायचं तर पुढची तारीख दहा दिवसांनी. मग आईनंच तोड काढली.

"बुधवारी पस्थान ठिवू."

आमच्याकडं ही जुनी पद्धत आहे. चांगल्या दिवशी प्रवासाचं काहीतरी सामान घराबाहेर काढून जायच्या वाटेवर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस त्या दिवशीच निघाल्यासारखा धरतात. मग खरोखर निघताना वाईट दिवस असला तरी चालतो. एकदा ठेवलेलं प्रस्थान घरी परत आणायचं नाही. जाणाऱ्यानं ते वाटेतच आपल्या हातात घ्यायचं. फडक्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि नाणं बांधतात, बरोबर जाणाऱ्याची एखादी वस्तू.

दिशेवरून मामाचा आणि आईचा फोनवर वाद झाला. मामा करमाडला शेती बघतो, आईपेक्षा सहा वर्षांनी लहान.

"अक्का, मुंबई मावळतीला हाय. पस्थान मावळतीलाच पायजे."

"मी मुंबईला राह्यला चालले व्हय रं? माझी पोरगी उगवतीला हाय. आन् इमानतळ बी तुज्याच वाटंवर हाय, चिकलठाण्याला."

"आसं म्हणती! मग आण माज्याकडं. तू कुठं ऐकणार हायस."

मी आईला म्हणालो, "तुझा एखादा रुमाल ठेव त्यात."

"रुमालावाचून कुणाचं अडतं?" आई म्हणाली. "आमच्या वडलांचं पस्थान म्हंजी त्यांची काठी असायची. ज्याच्यावाचून पाय निघत नाय तेच ठिवत्यात. तरच निघाल्यासारखं व्हतं." आणि तिनं कनवटीचा पंप काढून फडक्याशेजारी पिशवीत टाकला.

मी अडवलं नाही. उलट मला ते सोयीचं वाटलं. बुधवार ते शुक्रवार ती दुसरा पंप वापरेल, शुक्रवारी दुपारी तो लाल बॅगेत जाईल आणि संध्याकाळी विमानतळावर पहिला पंप प्रस्थानाबरोबर तिच्या हातात येईल. मी यादीत बाण काढून हे लिहिलं. बुधवारी तिला घेऊन करमाडला गेलो. मामीनं देवघरातल्या फळीवर, देवांच्या उजव्या बाजूला, ती हिरवी पिशवी ठेवली. आईनं नमस्कार केला. आम्ही चहा घेऊन परत आलो.

शुक्रवारी संध्याकाळी चिकलठाण्याच्या विमानतळावर मामा मोटारसायकलवर आला. मामी आली नव्हती. तिच्या अंगात कणकण होती. पिशवीला घट्ट गाठ मारलेली होती आणि ती चांगलीच जड होती.

"हिनं डिंकाचे लाडू घातलेत पोरीसाठी," मामा म्हणाला.

मी गाठ सोडायला गेलो. आईनं माझ्या हातावर चापट मारली. "सोडू नको. मुंबईतनं इमान हाललं का मी सोडीन."

मी पिशवी हातात तोलली. जड लागली. यादीवर खूण केली. बावीस वर्षांत मी गाठ न सोडता एकही खोकं ताब्यात घेतलेलं नाही. त्या दिवशी घेतलं.

मुंबईपर्यंत बायको आईबरोबर गेली. बायकोची बहीण तिथं असते. शनिवारी पहाटे तिनं आईला मोठ्या विमानतळावर सोडलं, लाल बॅग पट्ट्यावरून आत गेल्याचं पाहिलं आणि मला कळवलं. सात वाजता विमान उडालं. मी रजा टाकली होती. आंघोळ केली, चहा केला, यादीची चारही पानं पुन्हा वाचली, सगळ्या ओळींवर खुणा होत्या. बरं वाटलं.

आठ वाजता मामीचा फोन आला.

"दादा, वन्सं पोचल्या का?"

"आत्ता तर उडाल्या, मामी. संध्याकाळी पोचतील."

ती म्हणाली, "त्यांचं ते फुसफुस वडायचं यंत्र इथंच हाय."

मी यादी खाली ठेवली.

"कुठं?"

"सैपाकघरात, फळीवर. मसाल्याच्या डब्यांपाशी. अवो, ते तोंडात घालत्यात ना. उष्टं झालं. देवापाशी कसं ठिवायचं? म्हून मी बेस्तरवारी काढून बाजूला ठिवलं. म्हणलं जाताना घालू. काल मला ताप चढला, मी निजले, आन् ह्यांनी पिशवी उचलली. लाडू मी बुधवारीच घातले व्हते, त्यांना काय कळणार. आता ताप उतरला, फळी पुसाया गेले तर... दादा, दुसरं असंल ना त्यांच्यापाशी?"

मी म्हणालो, बघतो. फोन ठेवला. दुसरं होतं. तिच्या पायाखाली, पत्र्याच्या पलीकडं, लाल बॅगेत, डाव्या खणात, मोज्यांच्या आत. मला नेमकी जागा माहीत होती.

मी एक कोरा कागद घेतला आणि बारा ओळी मारल्या. प्रत्येक तासाला एक. मला दुसरं काही येत नाही. आठ वाजता, विमान कुठं असेल. नऊ वाजता कुठं. दोऱ्यावरचं आठवून लिहीत गेलो. साडेनऊच्या पुढं माझ्याकडं लिहायला जागांची नावं नव्हती. मी नुसतं "पाणी" लिहिलं. खालच्या ओळीतही "पाणी". तिसऱ्यांदा लिहिताना पेन ठेवून दिलं.

मग फोन करायला लागलो. विमान कंपनीचा मदतीचा नंबर लागला, बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगी बोलली. मी तिला सगळं सांगितलं. पंप, प्रस्थान, उष्टं. प्रस्थान तिला सांगायची काही गरज नव्हती, पण मी सांगत सुटलो होतो.

"सर, फ्लाइट हवेत आहे," ती म्हणाली.

"ते मला माहीत आहे. विमानात निरोप जाईल का?"

"मी वर कळवते, सर. सीट नंबर सांगा."

सीट नंबर यादीत होता. मी सांगितला. "निरोप पोचला हे मला कसं कळेल?"

"ते नाही सांगता येणार, सर."

मी तिला पुन्हा सगळं सांगायला लागलो, तेव्हा ती मऊ आवाजात म्हणाली, "काका, मी लिहून घेतलंय." तिनं सर सोडून काका म्हटलं आणि मला आणखी भीती वाटली.

आमचे डॉक्टर दोन गल्ल्या सोडून राहतात. मी चपला न घालताच गेलो, अर्ध्या वाटेत पायाला खडे लागले तेव्हा कळलं. ते दवाखान्यात निघायच्या तयारीत होते. त्यांनी मला खुर्चीत बसवलं.

"विमानात औषधांची पेटी असते," ते म्हणाले. "ऑक्सिजन असतो. तिथल्या लोकांना शिकवलेलं असतं. त्यांनी फक्त सांगितलं पाहिजे, की त्रास होतोय."

"तीच सांगणार नाही."

"असं कसं? जीव घुसमटायला लागला की माणूस सांगतंच."

डॉक्टर आईला पंधरा वर्षं तपासत होते, तरी त्यांना ती माहीत नव्हती. एसटीत तिला कितीही त्रास झाला तरी तिनं कधी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली नाही. माझ्या लग्नात तिच्या पायात खिळा घुसला होता, तो तिनं वरात परत आल्यावर दाखवला. आपल्यामुळं कुणाचं अडू नये हे तिचं एकच व्रत. आता तीनशे माणसं एका विमानात बसलेली, आणि त्यांच्यामध्ये ती. ती हाक मारेल?

आणि मारली तरी कुठल्या भाषेत? तिची हिंदी म्हणजे करमाडच्या बाजारातली. "मेरेकू", "तेरेकू" आणि भाजीचे भाव.

घरी आलो तर दहा वाजून गेले होते. विमान पाण्यावर असणार. फोनवर विमानं दाखवणारं एक अॅप असतं, ते मी उतरवून घेतलं. निळ्या पाण्यावर एक पिवळं चिमुकलं विमान. त्याच्याकडं टक लावून बघितलं तर ते हलत नाही. पाच मिनिटं दुसरीकडं बघून परत पाहिलं की नखभर सरकलेलं दिसतं. मी ते फोनवर बोट ठेवून पुढं ढकलल्यासारखं करत होतो. नकाशाच सरकायचा आणि विमान पडद्याबाहेर जायचं.

बहिणीला सांगायचं नव्हतं. तिचा रक्तदाब वाढला असता. तिच्या नवऱ्याला फोन लावला. ते कामावर होते.

"दादा, इथं पंप औषधाच्या दुकानात मिळतो. मी आत्ताच घेतो," जावई म्हणाले. "विमान उतरलं की दारातच उभा राहतो."

"दारापर्यंत यायला तर पाहिजे," मी म्हणालो. बोलायला नको होतं. ते म्हणाले, "हिनं सकाळपासून दोनदा विचारलं, आई बसली का विमानात. मी काय सांगू?"

"बसली म्हणा. तेवढं खरं आहे."

बायकोला मी दुपारी सांगितलं. ती मुंबईत होती, काही करू शकत नव्हती, पण एकट्यानं ते धरून ठेवणं मला जमेना. ती म्हणाली, "रात्री मी त्यांना विचारलं होतं, औषध वरती आहे ना. तर म्हणाल्या, माझ्या पस्थानात आहे."

"तू उघडून बघायचं ना."

"तुम्ही बघितलं होतं ना!"

दोघांनीही फोन ठेवला. नंतर तिनंच पुन्हा केला आणि म्हणाली, काहीतरी खाऊन घ्या.

मी खाल्लं नाही. स्वयंपाकघरात गेलो आणि आईची पाट्याजवळची जागा बघून परत आलो. बाहेर पाण्याचा टँकर आला होता, बायका भांडत होत्या, एकीनं माझ्या दारावर थाप मारून विचारलं, "भाऊ, आजींचं इमान पोचलं का?" मी म्हणालो, पोचेल. दार लावून घेतलं.

एक वाजला. निम्मा वेळ झाला. मला एकच चित्र दिसत होतं, जीपमधलं. ओठ, आणि माझ्या मनगटावरचा हात. आत्ता तिचा हात कुणाच्या मनगटावर असेल? शेजारी कोण बसलं असेल? ते झोपलं असलं तर? मी श्वास धरून बघायला लागलो, किती वेळ धरता येतो ते. घड्याळ लावून. पन्नास सेकंदांच्या वर गेलं नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेवढंच. मग स्वतःची लाज वाटली आणि बंद केलं.

तीनच्या सुमारास पिवळं विमान किनाऱ्याला लागलं. जमीन खाली आली म्हणून मला हायसं वाटलं, पण फार वेळ नाही. अॅपवर ती जमीन रिकामी होती, नुसतं वाळवंट. आणि विमान सरळ चाललं होतं, वळलं नव्हतं, खाली उतरलं नव्हतं. म्हणजे काही झालेलं नाही? की झालंय आणि ते तसेच चाललेत? सरळ रेघेवरून मला काहीच कळत नव्हतं. स्टोअरमध्ये कुठलीही गोष्ट हातात घेऊन बघता येते. इथं हातात काहीच नव्हतं.

मामाचा फोन तीनदा आला. मी उचलला नाही. त्याला काय सांगणार होतो?

सातला पाच मिनिटं कमी असताना विमान मेलबर्नवर थांबलं. अॅपनं तसं लिहिलं. सव्वासात. साडेसात. पावणेआठ. जावयांना फोन करायचा नाही असं ठरवलं होतं, त्यांचा हात मोकळा राहावा म्हणून. आठला मी देवासमोर जाऊन बसलो. मी एरवी बसत नाही.

आठ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"आल्या," जावई म्हणाले. "चाकाच्या खुर्चीत आहेत. पंप दिलाय. घ्या, बोला."

कानात आधी नुसता श्वास आला. शिट्टीसारखा, लांब. मग आई म्हणाली, "पोचले रं."

"आई, तू ठीक आहेस?"

"हाय की." श्वास. "लाडू बी..." श्वास. "पोचले."

ती दोन शब्दांवर थांबत होती. डॉक्टर नेहमी विचारतात, एका श्वासात किती शब्द बोलतात? मी मोजत होतो. दोन. मग तीन. पंपाचा आवाज आला, पुन्हा एकदा आला. मी तिला बोलतं ठेवलं. विचारलं, खायला काय दिलं, शेजारी कोण होतं, खिडकी मिळाली का. चार शब्द. पाच. हळूहळू सगळं कळलं.

विमान हाललं तशी तिनं गाठ सोडली होती. आत लाडू होते, फडकं होतं, पंप नव्हता. तिनं गाठ पुन्हा मारली. दोन तासांनी गार वाऱ्यानं छाती भरायला लागली. ती ताठ बसून राहिली, नाकानं श्वास घेत, पदर तोंडावर धरून. मग एक हवाई सुंदरी आली, वाकली आणि हिंदीत विचारलं, माताजी, साँस की तकलीफ है क्या?

"तू काय सांगितलंस?"

"म्हणलं, नाय. कायबी नाय."

निरोप पोचला होता. मी, मदत नंबरवरची ती मुलगी, आणखी कोण कोण, एवढ्या जणांनी मिळून तो आकाशात पाण्यावर तिच्या खुर्चीपर्यंत पोचवला होता, आणि तिनं तो परत पाठवला.

"का?" मी ओरडलो. आईवर मी त्याआधी कधी ओरडलो नव्हतो. "का नाही सांगितलंस?"

"वरडू नको." श्वास. "मला वाटलं, सांगितलं का माघारी फिरवत्यात. मागल्या साली त्या टीव्हीत नव्हतं का दाखवलं? म्हातारं आजारी पडलं म्हून इमान फिरवलं. मग हिच्यापाशी कोण येणार?"

त्यानंतर आणखी दोन तास ती तशीच बसली होती. शेवटी शेजारच्या पंजाबी बाईनं तिचे ओठ बघितले आणि घंटी दाबली. तिनं हात धरून आईला सीटमध्ये दाबून ठेवलं, म्हणे, आणि स्वतः मोठ्यानं सांगितलं. मग पेटी आली, नळी आली, ऑक्सिजन आला. तेव्हाही आईनं आधी एकच विचारलं.

"म्हणलं, अदी सांगा, फिरवणार नाय ना? ती पोरगी म्हणली, माताजी, आप आधे रस्ते में हो. मागं जायला बी तेवढंच, म्होरं जायला बी तेवढंच. मग घेतली नळी."

मी भिंतीला टेकून जमिनीवर बसलो होतो. आई म्हणाली, "आता ठिव. जावयाचं बिल वाढतंय." बिल वाढत नाही हे तिला मी अनेकदा सांगितलेलं आहे.

भीती मात्र गेली नाही. रविवारी पहाटे मी दचकून उठलो, फोन हातात घेतला, पिवळं विमान शोधायला लागलो, मग आठवलं. बहिणीनं पाठवलेला फोटो होता. आई गादीवर बसलेली, समोर कप. तो फोटो मी बोटांनी मोठा केला आणि ओठांचा रंग बघितला.

सकाळी करमाडला गेलो. वाटेत मी काय काय बोलायचं ते ठरवत गेलो होतो. देवापाशी उष्टं चालत नाही म्हणून माणूस मारायचा का? इथपासून सुरुवात करणार होतो.

मामा ओसरीत बसला होता. तो उठला नाही. "आत हाय," म्हणाला. "कालधरनं पाणी बी घेतलं नाय तिनं. तू फोन उचलंना, मग आमी काय समजायचं?"

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांना कळवायची यादी मी कधी केलीच नव्हती. काल रात्री आठनंतर मी झोपलो होतो, आणि ही दोघं जागी होती.

मामी चुलीशेजारी भिंतीला टेकून बसली होती. चूल विझलेली. मांडीवर धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला पंप. मला बघून तिनं उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तोंडाकडं बघत राहिली. विचारायचं धाडस होत नव्हतं तिला.

"पोचली," मी म्हणालो. "बरी आहे. चहा घेतानाचा फोटो आलाय."

मी फोन पुढं केला. तिनं तो हातात घेतला नाही, नुसती वाकून बघत राहिली. मग डोळ्यांना पदर लावला आणि विचारलं, "मग दम लागला नाय का त्यांना?"

मी तिच्या समोर पाटावर बसलो. ठरवून आणलेली सगळी वाक्यं तोंडापाशी होती. गाठ मी सोडली नव्हती. दुसरा पंप विमानाच्या पोटात मी टाकला होता. तिनं तर निदान फोन केला होता.

"लागला थोडा. पण दुसरा होता ना बरोबर."

"खरं?"

"मी स्वतः ठेवला होता, मामी. यादीत आहे."

तिनं मांडीवरचा पंप माझ्या हातात दिला. हात गार होता तिचा. तिनं चुलीत दोन काड्या सारल्या, फुंकर घातली, आणि पाठमोरी असतानाच विचारलं, "कुठं ठिवला व्हता तुमी? लगीच घावला ना त्यांना?"

"हाताशीच," मी म्हणालो.